‘द हर्ट लॉकर’चं पटकथेचं ऑस्कर पटत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत युद्धपटांवर आलेला लेख वाचला. इराकमध्ये बॉम्ब निकामी करणाऱ्या अमेरिकी पथकावरच्या ‘द हर्ट लॉकर’ला मिळालेली सहाही ऑस्कर निर्विवाद होती, असं त्यात म्हटलं आहे. मी खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातून, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. २००१-०२ च्या ऑपरेशन पराक्रममध्ये पश्चिम सीमेवर जे सुरुंग पेरले गेले, ते नंतर काढण्याच्या कामावर मी होतो. बॉम्ब निकामी करणं हे वेगळं शिक्षण आहे, पण स्फोटकाजवळ जाण्याची शिस्त दोन्हीकडे सारखीच. त्या अनुभवावरून सांगतो, सहापैकी पाच ऑस्कर योग्य होती. पटकथेचं नव्हतं.

आधी पाचांबद्दल, कारण या चित्रपटावर सरसकट टीका करणारे आमचे काही माजी सैनिकही चुकतात. २००४ मधल्या बगदादच्या कथेत सैनिकांच्या अंगावर नंतर आलेला गणवेश आहे, यावर बरीच टीका झाली. मला त्याचं काही वाटत नाही. दिग्दर्शिका कॅथरीन बिगेलो यांनी जे पकडलंय ते गणवेशापेक्षा अवघड आहे. पहिलाच प्रसंग घ्या. बॉम्बकडे पाठवलेल्या रोबोच्या मागची गाडी मोडते, म्हणून सार्जंट थॉम्पसन जड सूट घालून स्वतः जातो. हेल्मेटच्या आतला त्याचा श्वास आपल्याला ऐकू येत राहतो. पलीकडे खाटकाच्या दुकानाशी उभ्या माणसाच्या हातात मोबाइल दिसतो आणि स्फोट होतो. तेव्हा आगीच्या लोळाकडे न बघता कॅमेरा जमिनीवरची खडी आणि जुन्या गाडीवरचा गंज उचलला जाताना दाखवतो. स्फोटाची लाट माणसाला मारते, हे इतक्या नेमकेपणानं दाखवलेलं मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेलं नाही. ध्वनीची दोन्ही ऑस्कर तिथेच वसूल झाली.

वाळवंटातल्या गोळीबाराचा लांबलेला प्रसंगही तसाच. गोळ्यांना रक्त लागल्यामुळे रायफल अडते, पथकातला एल्ड्रिज थुंकीनं एकेक गोळी पुसतो. शत्रू मेला की जिवंत आहे ते कळत नाही, म्हणून उन्हात नुसतं पडून राहायचं. चेहऱ्यावर माशी फिरते, पण हात हलवायचा नाही. संकलनकार तिथून लवकर बाहेर पडत नाहीत, म्हणून प्रेक्षकाच्याही घशाला कोरड पडते. ७ मार्च २०१० च्या रात्री दिग्दर्शनाचं ऑस्कर पहिल्यांदाच एका महिलेला मिळालं. ते अशा कामासाठी मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता पटकथा. मार्क बोअल हे पत्रकार. इराकमध्ये बॉम्ब निकामी करणाऱ्या एका पथकाबरोबर ते प्रत्यक्ष राहिले होते. म्हणूनच त्यांच्याकडून जास्त अपेक्षा होती. त्यांचा नायक सार्जंट जेम्स पहिल्याच कामात धूर सोडून स्वतःच्याच साथीदारांना आंधळं करतो. नंतर संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीसमोर स्फोटकांनी भरलेल्या गाडीजवळ सूट उतरवतो, कानावरचा हेडसेट फेकून देतो. आणि तो पोस्टरवर आलेला प्रसंग: मातीतली तार हातानं वर ओढतो आणि त्याच्याभोवती अर्धा डझन बॉम्ब वर येतात. लोक या दृश्यावर थक्क होतात. माझ्या अंगावर मात्र रागानं काटा येतो. तार ओढायची नाही, हे सॅपरला रंगरूट असतानाच शिकवतात, कारण ताण पडला की फुटणारी रचना असू शकते. संशयित वस्तू जागेवरून हलवायचीच असेल, तर आकडा आणि लांब दोरी लावून, आडोशाला झोपून. सुरुंग काढताना एका पट्टीत एकच माणूस पुढे, बाकीचे ठरलेल्या अंतरावर. हे नियम कागदावरून आलेले नाहीत. प्रत्येकामागे कुणाचा तरी पाय गेलेला असतो.

चित्रपट म्हणजे प्रशिक्षणाची पुस्तिका नाही, हे मला कळतं. पटकथा जेम्सला जाब विचारते, हेही खरं. पथकातलाच सॅनबॉर्न त्याला ठोसा मारतो. रात्री जेम्सनं उगाच गल्ल्यांमध्ये नेल्यामुळे एल्ड्रिजच्या पायात गोळी लागते, आणि हेलिकॉप्टरमध्ये चढवताना तो जेम्सला शिव्या घालतो. पण बॉम्बसमोर जेम्सचा अंदाज सहसा चुकत नाही. नियम पाळणारा थॉम्पसन दहा मिनिटांत मरतो, नियम मोडणारा शेवटपर्यंत जगतो आणि पुन्हा नव्या तैनातीवर चालत जातो. युद्धाची नशा लागते, हे सांगण्यासाठी बोअल यांनी नशा चढलेल्या माणसाला सगळ्यात निष्णातही केलं. प्रत्यक्षात असा माणूस पथकात असता, तर त्याला दुसऱ्या आठवड्यात पुढून काढलं असतं, कारण त्याच्याबरोबर इतर दोघंही मरतात. इराकी माणसांनाही या पटकथेत डीव्हीडी विकणाऱ्या मुलापलीकडे फारसं काही मिळालेलं नाही.

त्याच वर्षी मूळ पटकथेच्या नामांकनात ‘द मेसेंजर’ होता, आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही. त्यातले दोन अमेरिकी सैनिक मृत जवानाच्या घरी जाऊन बातमी सांगतात. आधी निकटच्या नातेवाइकालाच सांगायचं, अंगाला हात लावायचा नाही, ठरलेलीच वाक्यं बोलायची. त्या नियमांच्या आत राहून माणसं कशी तुटतात, हे ओरेन मूव्हरमन आणि अलेसांद्रो कॅमन यांनी लिहिलंय. वुडी हॅरेलसनचा कॅप्टन नियम घोकत राहतो आणि आपल्याला कळतं की नियमाशिवाय तो त्या दारासमोर उभाच राहू शकणार नाही. फौजेतली शिस्त माणसाला आतून कशी धरून ठेवते आणि कधी धरू शकत नाही, ते या पटकथेला कळलंय. माझं मत असतं, तर ते ऑस्कर मी तिला दिलं असतं.

आपल्या पुरवणीत ‘द मेसेंजर’वर स्वतंत्र लेख यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, खडकी, पुणे