टॉमकॅट लावा म्हणता, पण कुठलं ते लिहा की

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या तंत्रज्ञानाच्या पानावर जावाचा वेब सर्व्हर कसा लावायचा यावर लेख आला होता, त्याबद्दल लिहितोय. मराठीत असलं काही छापून येतंय याचा आनंदच आहे, उगाच नाक मुरडायचं म्हणून हे पत्र नाही. पण लेखात टॉमकॅट (हाच तो जावाचा वेब सर्व्हर) डाउनलोड करा, झिप उघडा, बिन फोल्डरमधलं स्टार्टअप चालवा, वॉर फाइल, म्हणजे आपलं ॲप्लिकेशन एका फाइलमध्ये बांधलेलं, वेबॲप्स फोल्डरमध्ये टाका की झालं, एवढंच आहे. कुठलं टॉमकॅट, कुठलं जावा, याचा एका शब्दाने उल्लेख नाही. आणि आज नवीन माणूस अडकतो तो नेमका तिथेच, आणि असा अडकतो की त्याला वाटतं आपल्यालाच काही येत नाही.

होतं काय, तो साइटवर जाऊन सगळ्यात नवीन दिसेल ते घेतो, म्हणजे १० च्या पुढचंच काहीतरी. सर्व्हलेटचा, म्हणजे ब्राउझरच्या मागणीला उत्तर देणाऱ्या जावा क्लासचा, कोड मात्र जुन्या नोट्समधून उचलतो आणि त्यात वरती इम्पोर्ट असतं जॅव्हॅक्स डॉट सर्व्हलेटचं. टॉमकॅट १० पासून ते पॅकेज जकार्ता डॉट सर्व्हलेट झालंय. कंपाइल करताना जुन्याच सर्व्हलेट एपीआयची जार (तयार जावा क्लास बांधलेली फाइल) दिलेली असते त्यामुळे कंपाइल सुरळीत होतं, सर्व्हर सुरू होतो, ८०८० वर मांजराचं होमपेज पण दिसतं, आणि आपल्या सर्व्हलेटचा पत्ता टाकला की ४०४, म्हणजे पान सापडत नाही. लॉग उघडून बघावा तर तिथे पण सगळं आलबेल. कारण क्लासवरचं ॲट वेबसर्व्हलेट हे ॲनोटेशन, म्हणजे हा क्लास सर्व्हलेट आहे असं सांगणारी खूण, जुन्या पॅकेजमधलं आणि नवीन टॉमकॅट शोधतंय नव्या पॅकेजमधलं, त्याच्या लेखी तो क्लास सर्व्हलेटच नाही, मग तक्रार तरी कशाची करणार. ज्याने वेब डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये कुठल्या पत्त्याला कुठलं सर्व्हलेट हे मॅपिंग लिहिलंय तो त्यातल्या त्यात नशीबवान, त्याला निदान ५०० ही सर्व्हरची एरर येऊन क्लास सापडत नाही असं तरी दिसतं. मग कोणीतरी शहाणा सांगतो की सर्व्हलेट एपीआयची जार ॲप्लिकेशनच्या वेब-इन्फ फोल्डरमधल्या लिबमध्ये टाक, ती टाकली की एरर बदलते, आता म्हणते हा क्लास जकार्ताच्या सर्व्हलेटमध्ये कास्ट होत नाही. एरर बदलली म्हणून पोरगं खूश, अडकलंय मात्र तिथेच. मुळात ती जार लिबमध्ये टाकायचीच नसते, ती सर्व्हरकडे असतेच, जार आणून देणारं मेव्हन हे टूल वापरत असाल तर स्कोप प्रोव्हायडेड लिहायचा.

हे नाव बदललं का, तर तांत्रिक गरज काहीच नव्हती. टॉमकॅट मुळात सन कंपनीतलं, जेम्स डंकन डेव्हिडसनने सुरू केलेलं, १९९९ मध्ये ते अपाचे फाउंडेशनकडे आलं. पुढे सनच ओरॅकलने घेतली आणि २०१७ मध्ये ओरॅकलने जावा ईई (जावाचा एंटरप्राइझ भाग, सर्व्हलेट त्यातलंच) एक्लिप्स फाउंडेशनला देऊन टाकलं. पण जावा हा ट्रेडमार्क काही दिला नाही, आणि जॅव्हॅक्स नावाच्या पॅकेजमध्ये यापुढे बदल करायचे नाहीत असं ठरलं. म्हणून जावा ईईचं नाव झालं जकार्ता ईई, आणि २०२० च्या शेवटी जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजचंही सरसकट नामांतर. वकिलांचं भांडण आणि निस्तरायचं कोडवाल्यांनी, असो.

आता कोणी म्हणेल फाइंड रिप्लेस मारा, जॅव्हॅक्सचं जकार्ता करून टाका. तसं केलं की दुसरीकडे फुटतं, कारण जॅव्हॅक्स डॉट एसक्यूएल, जॅव्हॅक्स डॉट नेमिंग ही मंडळी जावाच्या आतलीच आहेत, त्यांचं नाव आहे तेच आहे. डेटाबेसचा डेटासोर्स वापरला असेल तर तो लगेच बोंब मारतो. त्यापेक्षा टॉमकॅटवाल्यांनीच सोय दिलीय, १० पासून पुढे वेबॲप्सच्या शेजारी वेबॲप्स-जावाईई नावाचं फोल्डर करून त्यात जुनी वॉर टाकली की ते स्वतःच बदलून वेबॲप्समध्ये ठेवतं. तुमच्या लेखात हे एक वाक्य आलं असतं तरी कितीजणांची रात्र वाचली असती.

वेब सर्व्हिसबद्दल तर लेखात फक्त "सोपसाठी जावात सगळं आलेलंच असतं" असं लिहिलंय (सोप म्हणजे दोन प्रोग्रॅमनी एक्सएमएलमधून बोलायची पद्धत). आलेलं असायचं. जावा ६ पासून सोपसाठीचं जॅक्स-डब्ल्यूएस आतच होतं, डब्ल्यूएसइम्पोर्ट कमांड मारली की विस्डलवरून, म्हणजे सर्व्हिसचं वर्णन असलेल्या फाइलवरून, क्लायंट तयार. ते जावा ११ मध्ये, म्हणजे सप्टेंबर २०१८ मध्ये काढून टाकलं, एक्सएमएल वाचणारं-लिहिणारं जॅक्सबी पण त्याबरोबरच गेलं. आता ती कमांड टाइप केली तर कमांड सापडत नाही म्हणणार, आणि वाचणारा पाथ तपासत बसणार, जावा पुन्हा इन्स्टॉल करणार. आता त्याच्या जार वेगळ्या आणाव्या लागतात, मेट्रोच्या आणा नाहीतर अपाचे सीएक्सएफ घ्या. टॉमकॅट तर बोलूनचालून सर्व्हलेट आणि जेएसपी (जावातून बनणारी वेब पानं) चालवणारं कंटेनर, पूर्ण एंटरप्राइझ सर्व्हर नव्हे, त्याच्यात सोप पण नाही आणि रेस्ट (साध्या एचटीटीपीवरून बोलायची दुसरी पद्धत) पण नाही, जे हवं ते आपण ॲप्लिकेशनमध्ये घालायचं. रेस्टसाठी जर्सी घेतलंत तर पुन्हा तीच भानगड, जर्सी २ जॅव्हॅक्सवालं, जर्सी ३ जकार्तावालं, म्हणजे टॉमकॅट ९ वर ३ टाकलंत किंवा १० वर २ टाकलंत की बसा.

आणखी एक, अनसपोर्टेड क्लास व्हर्जनची एरर. ती लेखात दिलीय आणि उपाय म्हणून "जावा अपडेट करा" लिहिलंय, पण त्या एररमध्ये आकडे असतात ते वाचायला शिकवा ना. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७. कोड कशावर कंपाइल झालाय आणि सर्व्हर कशावर चाललाय हे दोन्ही त्या एका ओळीत असतं. बऱ्याचदा मशीनवर नवीन जावा असतंच, फक्त जावा होम हे सेटिंग जुन्याकडे बोट दाखवत असतं.

आता ज्यावर खरंच राग आला ते. टॉमकॅट-यूजर्स फाइलमध्ये मॅनेजरचा (टॉमकॅट ब्राउझरमधून सांभाळायचं पान) यूजर ॲडमिन आणि पासवर्ड पण ॲडमिन असा नमुना तुम्ही छापलाय, आणि पुढे ८० पोर्ट हवा असेल तर रूटने, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेल्या यूजरने, चालवा असंही. अहो, मॅनेजरमधून वॉर अपलोड करता येते, म्हणजे तो पासवर्ड ओळखणारा तुमच्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकतो, आणि तेही रूट म्हणून! टॉमकॅट मुद्दामच एकही यूजर न देता येतं. मॅनेजर लागत नसेल तर ते फोल्डरच काढून टाका, सर्व्हरला वेगळा साधा यूजर द्या, आणि ८० किंवा ४४३ साठी पुढे एनजिनएक्स किंवा अपाचे हा वेब सर्व्हर बसवा. सर्व्हर डॉट एक्सएमएलमधला एजेपीचा (पुढच्या वेब सर्व्हरने टॉमकॅटशी बोलायची वाट) ८००९ पोर्ट उघडा ठेवायला सांगितलाय तोही कशाला? २०२० मध्ये घोस्टकॅट नावाचं भोक सापडलं ते त्याच एजेपीतलं होतं, बाहेरचा माणूस वेब-इन्फमधल्या फाइल वाचू शकत होता. तेव्हा टॉमकॅट ९.०.३१ मध्ये तो एजेपीचा कनेक्टर कमेंट करून टाकला. यावरून वाटतं की तुमचा नमुना त्याआधीच्या फाइलवरून घेतलाय.

लेखाखाली "पुढील भागात डेटाबेस जोडणी" असं लिहिलंय. तो छापायच्या आधी या भागाची दुरुस्ती छापा, तीन ओळींची चौकट पुरे. जुना जॅव्हॅक्सवाला कोड असेल तर टॉमकॅट ९, जावा ८ किंवा त्यापुढचं. नवीन लिहिणार असाल तर जकार्ता, टॉमकॅट १०.१ ला जावा किमान ११ लागतं आणि टॉमकॅट ११ ला किमान १७. आणि टॉमकॅट ८.५ चा सपोर्ट मार्च २०२४ मध्येच संपलाय, लेखातल्या स्क्रीनशॉटमध्ये वरच्या कोपऱ्यात तेच दिसतंय, तेवढा फोटो पण बदला.

आपला,
एक वाचक