तंबाखू सोडवताना उपदेश आवरा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तंबाखू सोडवण्यासाठी रुग्णाला धाक घालणे अजून थांबलेले नाही. आपण ‘सोडा’ म्हटले, की समोरचा न सोडण्याची कारणे देऊ लागतो. बोलता बोलता तीच त्याला पक्की पटतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या व्यसनावरील कामातून मांडलेली प्रेरणात्मक मुलाखतीची पद्धत इथेच उपयोगी पडते. बदलाची कारणे रुग्णाच्याच तोंडून यावीत, हा तिचा गाभा.

एखादी बाई म्हणते, ‘मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, पण नातवाला जवळ घेताना वासाची लाज वाटते.’ इथे पोटाचे औषध सुचवू नका. ‘मिश्रीची सवय जुनी आहे, आणि नातवासाठी ती नकोशीही झाली आहे,’ एवढेच म्हणा व थांबा. वाक्याचा शेवट बदलाच्या बाजूने हवा. उलट क्रम लावलात तर ती पुन्हा पोटावर येते.

मग विचारा, ‘सोडणं किती महत्त्वाचं वाटतं, ० ते १० मध्ये?’ उत्तर ४ आले तर ‘४ का, २ का नाही?’ असे विचारा. ‘१० का नाही?’ विचारलेत की सबबी सुरू होतात. माहिती द्यायचीच तर आधी परवानगी घ्या, थोडक्यात सांगा आणि ‘तुम्हाला काय वाटतं?’ विचारा. सोडण्याची तारीख मात्र तिनेच ठरवावी.

समुपदेशकांचे या पद्धतीचे प्रशिक्षण एका व्याख्यानात उरकू नये. ध्वनिमुद्रित संवाद ऐकून दुरुस्ती सुचवणारे कोणी नसेल, तर काही काळात जुनाच उपदेश सुरू होतो. आरोग्य विभागाने यासाठी वेळ राखून ठेवावा.

– एक समुपदेशक