बास्केटबॉल खेळून पुढे काय? केंद्रीय क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय क्रीडामंत्री महोदय,

सादर नमस्कार.

25 जून 2015 रोजी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, डॅलस मॅव्हरिक्सने 52 व्या क्रमांकावर सतनामसिंग भामराचं नाव पुकारलं. पंजाबातल्या बल्लोके गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, वय 19, उंची 7 फूट 2 इंच. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. त्या वर्षी आमच्या नागपूरच्या मैदानावर इतकी मुलं आली की बॉल पुरेनात. त्या मुलांना पुढे काय सांगायचं, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे, म्हणून आपल्याला लिहितो आहे.

सतनाम एनबीएचा एकही सामना खेळला नाही. त्याला टेक्सास लेजंड्स या दुय्यम लीगमधल्या संघात धाडलं. तिथे दोन हंगाम काढले, पण बहुतेक वेळ बाकावरच गेला. 2017 ला तो आशिया कपमध्ये भारताकडून खेळला, मग कॅनडाच्या लीगमध्ये गेला. 2019 मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेची तयारी चालू असताना उत्तेजक चाचणीत अडकला. डिसेंबर 2020 मध्ये दोन वर्षांची बंदी जाहीर झाली. 2021 मध्ये त्याने अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीच्या कंपनीशी करार केला. तिथे त्याचं बरं चाललं आहे याचा मला मनापासून आनंद आहे. पण सेंटरचा, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूचा, खेळ ज्या वयात पिकायला लागतो, त्याच वयात हा मुलगा बास्केटबॉलमधून बाहेर पडला होता.

तो कमीच पडला, असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. चौदाव्या वर्षी लुधियानाच्या अकादमीतून शिष्यवृत्तीवर तो फ्लोरिडाला गेला, तेव्हा त्याला इंग्रजीही धड येत नव्हतं. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा अनुभव नसताना तो थेट ड्राफ्टला उभा राहिला. बास्केटखाली पाय कुठे रोवायचा, समोरचा अंगावर आला की हात सरळ वर ठेवून फाउल न करता कसं उभं राहायचं, रिबाउंडसाठी, म्हणजे नेम हुकून परत आलेला बॉल मिळवण्यासाठी, पाठीने माणूस कसा अडवून धरायचा, हे सगळं सरावात शिकवता येतं. अंगात मुरतं ते सामन्यांतच. त्यासाठी दरवर्षी चाळीस-पन्नास चुरशीचे सामने लागतात, आणि तेही प्रत्यक्ष कोर्टवर उतरून.

भारतात परतून तो खेळणार तरी कुठे होता? 2015 मध्ये सुरू झालेली यूबीए ही खासगी लीग 2017 नंतर बंद पडली. तिला बास्केटबॉलच्या राष्ट्रीय फेडरेशनची मान्यताच नव्हती. त्याच काळात फेडरेशनमध्ये दोन गट पडले होते आणि दोघंही आम्हीच खरे म्हणत होते. 2022 मध्ये फेडरेशनच्या पाठिंब्याने आयएनबीएल ही नवी लीग आली. पण पुढच्या वर्षी कोणत्या महिन्यात, किती सामने, किती मानधन, हे खेळाडूला आधी कळेल अशी व्यवस्था आजही नाही.

गुणवत्ता नाही म्हणावं, तर 2014 मध्ये याच देशाच्या संघाने वुहानला जाऊन चीनला हरवलं होतं. अमृतपालसिंग 2017 मध्ये सिडनी किंग्जकडून ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये खेळला. मुंबईच्या नागपाड्याने तर अब्बास मुंतसीर यांच्यासारखा भारताचा कर्णधार आणि अर्जुन पुरस्कार विजेता दिला. असं असूनही पुरुषांचा संघ ऑलिंपिकला गेला तो एकदाच, 1980 ला, मॉस्कोला.

दहावीचा निकाल लागला की पालक मैदानाच्या कुंपणाशी येऊन उभे राहतात. "सर, यात पुढे काय आहे?" माझं उत्तर ठरलेलं असतं: रेल्वे, सेनादल, पोलीस, ओएनजीसी, एखादी बँक. स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी. या नोकऱ्यांनीच आपल्याकडे हा खेळ जगवला, हे मी कृतज्ञतेने सांगतो. पण त्यात खेळाडूच्या वाट्याला येतात वर्षाकाठी काही मोजक्या स्पर्धा. बाकीचं वर्ष ऑफिस, आणि संध्याकाळी सिमेंटच्या कोर्टवर गुडघे झिजवणं.

महोदय, हे मालक बहुतेक सरकारीच आहेत. रेल्वे केंद्राची, ओएनजीसी केंद्राची, सेनादल केंद्राचं. मान्यताप्राप्त लीगसाठी निवड झालेल्या खेळाडूला तेवढे महिने पूर्ण पगारी रजा मिळेल आणि त्याची बढती अडणार नाही, एवढं एक परिपत्रक त्या-त्या मंत्रालयांशी बोलून आपण काढवू शकता. नोकरी जाईल या भीतीने आज चांगले खेळाडू खासगी लीगच्या वाटेला जात नाहीत. ती भीती गेली की लीगला खेळाडू मिळतील, आणि खेळाडू मिळाले की प्रायोजक टिकतील. 2025 चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आता हाताशी आहे. फेडरेशनला मान्यता आणि अनुदान देताना लीगचं वेळापत्रक, लेखी करार आणि दुखापतीचा विमा या अटी घाला. मुलींच्या लीगसाठीही याच अटी, तेवढेच महिने.

आणखी एक. माझ्याकडचा एक मुलगा मध्यंतरी प्रोटीन पावडरचा डबा घेऊन आला. "सर, घेऊ का?" मागची बारीक अक्षरं आम्ही दोघांनी मिळून वाचली आणि त्यातलं निम्मंही आम्हाला कळलं नाही. सतनामच्या नमुन्यात सापडलेलं हायजेनामाइन हे बंदी असलेलं द्रव्य काही वनस्पतींमध्ये असतं आणि वजन घटवण्याच्या, ताकद वाढवण्याच्या सप्लिमेंट्समध्येही आढळतं. त्याच्या शरीरात ते कुठून आलं यावर मी बोलणार नाही. पण आमच्या जिल्ह्यातल्या मुलाने कुणाला विचारायचं? राष्ट्रीय स्पर्धेला जाणाऱ्या प्रत्येक संघासोबत उत्तेजकांचे नियम जाणणारा डॉक्टर द्या आणि मराठीत उत्तर देणारा एक फोन नंबर द्या. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला तो पाठ असला पाहिजे.

पगारी रजेच्या परिपत्रकाला पैसा लागत नाही. ते येत्या राष्ट्रीय स्पर्धेआधी निघावं, ही माझी आग्रहाची विनंती आहे. निघालं, तर त्याची प्रत मी स्वतः मैदानाच्या फाटकावर लावीन, म्हणजे पालकांना ती वाचता येईल.

आपला विश्वासू,
नागपुरातील एक बास्केटबॉल प्रशिक्षक