तळलेलं दिसणाऱ्या, पण आतून कच्च्या चिकन कटलेटबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : पाकिटावरची दिशाभूल करणारी सूचना आणि त्यातून झालेलं आजारपण

महोदय,

आपल्या कंपनीचं गोठवलेलं चिकन कटलेट आम्ही नाशिकमधल्या दुकानातून घेतलं. पावती, पाकिटाचे फोटो आणि तपासणीचा अहवाल सोबत जोडला आहे.

पाकीट फोडलं तेव्हा कटलेट तळलेलंच दिसत होतं. वरचा ब्रेडचा चुरा सोनेरी, कडा खरपूस. दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत ‘गरम करा आणि वाढा’. आतलं मांस कच्चं आहे, हे लिहिलंय मागे, घटकांच्या यादीखाली, इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत. मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण समोर छापता, मग ‘कच्चं’ हा शब्द का नाही?

पाकिटावर सांगितलं होतं तसंच, तेवढाच वेळ मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं. सासऱ्यांनी खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना ताप, पोटात कळा, जुलाब सुरू झाले. त्यांना मधुमेह आहे, वय झालंय. सलाईन लावावं लागलं. शौचाच्या तपासणीत साल्मोनेला जिवाणू निघाले. लहान मुलं, गरोदर बायका आणि वृद्धांना हा संसर्ग जड जातो, कधी तो रक्तातही उतरतो. घरात आम्ही किती घाबरलो होतो, ते आपल्याला पत्रातून कळणार नाही.

फोनवर आपले प्रतिनिधी म्हणाले, “नीट शिजवलं नसेल.” नीट म्हणजे आतून किती तापेपर्यंत, ते पाकिटावर कुठे आहे? कोंबडीचं मांस मध्यभागापर्यंत ७४ अंश सेल्सिअस तापलं, तरच ते खायला सुरक्षित. हा आकडा तुम्ही छापलेला नाही. रंगावरून ओळखावं, तर तो तुम्ही कारखान्यातच आणून ठेवलाय. मायक्रोवेव्ह सगळीकडे सारखं तापवत नाही, कडेला चटका बसतो तेव्हाही मधला भाग कोमट राहू शकतो. आणि गोठवल्याने साल्मोनेला संपत नाही, बर्फ वितळला की पुन्हा वाढू लागतो.

कॅनडात अशाच गोठवलेल्या, ब्रेड लावलेल्या कच्च्या चिकनमुळे लोक वारंवार आजारी पडले. नुसत्या सूचना पुरेनात, म्हणून १ एप्रिल २०१९ पासून तिथे उत्पादकांनाच साल्मोनेला तपासणीत सापडणार नाही इतका कमी करणं बंधनकारक झालं. तिथल्या कंपन्यांना जमतं ते तुम्हालाही जमायला हवं. कटलेट कारखान्यातच पूर्ण शिजवा. तोवर समोर, मराठीत, मोठ्या अक्षरांत ‘आतलं मांस कच्चं आहे’ असं छापा आणि ‘गरम करा आणि वाढा’ काढून टाका.

या बॅचचा माल दुकानांतून ताबडतोब परत मागवा आणि तिच्या जिवाणू तपासणीचा अहवाल मला पाठवा. दवाखान्याची बिलंही जोडली आहेत, तो खर्च कंपनीने द्यावा. तुम्ही देऊ केलेलं सवलतीचं कूपन मी घेणार नाही.

पत्राची प्रत अन्न व औषध प्रशासनाला दिली आहे. लेखी उत्तर द्यावं.

आपली,
एक ग्राहक, नाशिक