लायसन्सची की बरोबरच होती

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज वाचला आणि पाठोपाठ आलेले चार फोटोही पाहिले. सुरू केल्यावर माउस हलायला दहा मिनिटं, पंख्याची घरघर, आणि एवढं सोसून पडद्यावर काय, तर नव्या अँटीव्हायरसचा निरोप, ‘लायसन्स ॲक्टिव्हेट करता आलं नाही’. शेवटी वैतागून तू लिहिलंस, ‘फॉरमॅटच मारतो आता.’ थांब जरा. फोनवरच सांगणार होतो, पण फोनवर तू ‘हो, हो’ म्हणतोस आणि भलतंच बटण दाबतोस, म्हणून लिहून देतोय. समोर ठेवून एकेक कर.

तुझ्या तिसऱ्या फोटोत घड्याळाशेजारी दोन ढाली दिसतात. एक जुन्या अँटीव्हायरसची, दुसरी परवा घेतलेल्या नव्याची. ‘जुना राहू दे, दोन असले तर जास्त सुरक्षित,’ हे तुझंच वाक्य. असल्या वेळी लोक एका म्यानात दोन तलवारी म्हणतात, पण मला ती उपमा पटत नाही. म्यानातल्या तलवारी निदान गप्प पडून असतात. हे दोघे जागे असतात आणि एकमेकांवरच नजर ठेवून असतात.

आत काय चालतं ते सांगतो, म्हणजे पुढची खटपट का करायची ते कळेल. अँटीव्हायरस हा काही वर्ड किंवा ब्राउझरसारखा वरवर बसलेला प्रोग्राम नाही. तो विंडोजच्या गाभ्यात, फाइल आणि डिस्क यांच्या मधल्या वाटेवर, स्वतःचा फिल्टर ड्रायव्हर बसवतो. तू साधा फोटो उघडलास तरी ती मागणी आधी त्या ड्रायव्हरपाशी थांबते, फाइल तपासली जाते, मग पुढे सोडली जाते. एकच असेल तर हे इतकं झटकन होतं की तुला जाणवतही नाही. दोन असले की पहिला तपासणीसाठी फाइल उघडतो, तर ते उघडणंच दुसऱ्याला संशयास्पद वाटतं. मग तोही तीच फाइल तपासायला घेतो. कॉम्प्युटर सुरू होताना अशा हजारो फाइली उघडतात, म्हणून तुझी दहा मिनिटं. त्यातून दोघे एकमेकांसाठी अडून बसले तर मशीन जागच्या जागी गोठतं, किंवा विंडोज कोसळून निळा पडदा येतो. भरीस भर म्हणजे एकाने पकडून कोंडून ठेवलेली फाइल दुसऱ्याला सापडते आणि तो ‘व्हायरस मिळाला’ म्हणून बोंब मारतो. तुझ्या दुसऱ्या फोटोतला इशारा मला तसलाच वाटतो. त्यातला फोल्डरचा पत्ता नीट वाच, जुन्या अँटीव्हायरसच्या क्वारंटाइनचाच निघेल.

विंडोजमध्ये मुळात एक तिसरा आहेच, डिफेंडर. पण तो समंजस आहे. दुसऱ्या कंपनीच्या अँटीव्हायरसने विंडोज सिक्युरिटीकडे नाव नोंदवलं की तो आपणहून बाजूला होतो, आणि त्याने जागा सोडली की परत कामाला लागतो. घोळ होतो तो अर्धवट काढलेल्या अँटीव्हायरसमुळे. प्रोग्राम गेला, पण नोंद आणि ड्रायव्हर मागे राहिले, तर डिफेंडर समजतो की कोणीतरी आहे, आणि प्रत्यक्षात दारावर कोणीच नसतं.

सध्या कोण कोण बसलंय ते दोन ठिकाणी दिसेल. विंडोज सिक्युरिटीच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ आहे, तिथे नोंदवलेल्यांची नावं असतात. खरी हजेरी मात्र कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या त्या काळ्या खिडकीत. तो ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघड, इंग्रजीत एफ, एल, टी, एम, सी ही पाच अक्षरं टाइप कर, जागा सोडून ‘फिल्टर्स’ लिही आणि एंटर दाब. ड्रायव्हरांची यादी येईल, प्रत्येकापुढे एक आकडा. त्या आकड्याला ‘अल्टिट्यूड’ म्हणतात. वाटेवर कोण वर बसलंय आणि कोण खाली, हे त्यावरून ठरतं. अँटीव्हायरसवाल्यांसाठी ३२०००० ते ३२९९९८ हा पट्टा राखलेला आहे. डिफेंडरचा ड्रायव्हर ३२८०१० वर असतो. त्याच पट्ट्यात आणखी दोन अनोळखी नावं दिसली, तर तुझं दुखणं तिथेच आहे.

आता काढायचं कसं. लोक घालायला शिकतात, काढायला कोणी शिकत नाही (मीही नव्हतो शिकलो, ते पुढे येतंच). आधी नव्या अँटीव्हायरसची लायसन्स-की (विकत घेताना मिळालेला अक्षरा-आकड्यांचा कोड) आणि ज्या ईमेलवर घेतलास ते खातं, दोन्ही कागदावर लिहून ठेव. मग दोन्हींच्या मूळ कंपनीच्या साइटवरून त्यांचं रिमूव्हल टूल उतरवून घे. बहुतेक मोठ्या कंपन्या असं टूल फुकट देतात, कारण नेहमीच्या अनइन्स्टॉलने सगळं निघत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. नव्याचा इन्स्टॉलरही आत्ताच उतरवून ठेव. त्यानंतर सेटिंग्जमधून दोन्ही अनइन्स्टॉल कर. हो, नवाही. अर्धवट भांडणात बसवलेला प्रोग्राम दुरुस्त करत बसण्यापेक्षा कोरा बसवलेला बरा.

आणि मग रीस्टार्ट कर. शटडाउन करून परत चालू करू नकोस, रीस्टार्टच. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलंय. ते चालू असलं की शटडाउन करताना विंडोजचा गाभा पुसला जात नाही, डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच उचलला जातो. म्हणजे ज्या ड्रायव्हरला हाकलायचं तोच परत हजर. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने उभं राहतं. मी एक अख्खी संध्याकाळ शटडाउन करत घालवली होती.

रीस्टार्टनंतर रिमूव्हल टूल चालव. काही टूल्स सेफ मोड (विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरांवर सुरू करायची सोय) मागतात, तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक केलंस की तिथला रस्ता सापडेल. पण त्याआधी एक बघ. तुझ्या मशीनवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू असेल, तर सेफ मोडच्या वाटेवर ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. बहुधा ती तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. आधी ती शोधून लिहून घे, नाहीतर करायला जाशील गणपती आणि होईल माकड. सगळं उरकल्यावर ती ड्रायव्हरांची यादी परत काढ. पट्ट्यात फक्त डिफेंडर उरला की निम्मं काम झालं.

एवढी काळजी कशाला, असं तुला वाटेल. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन नावाची प्रोसेसरमधली त्रुटी उघड झाली, तेव्हा काही अँटीव्हायरस विंडोजच्या गाभ्यात इतक्या आडवाटेने हात घालत होते की नव्या अपडेटबरोबर निळा पडदा यायचा. मायक्रोसॉफ्टने मग सरळ नियम केला, की अँटीव्हायरसने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, ‘मी सुसंगत आहे’ अशी खूण केल्याशिवाय सुरक्षा अपडेट मिळणारच नाही. म्हणजे राखणदारामुळेच घराची डागडुजी अडली. आणि १९ जुलै २०२४ तर तुला आठवतच असेल, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन आडवी झाली. ते घरगुती सॉफ्टवेअर नव्हे, पण बसण्याची जागा तीच. इतक्या आत बसणाऱ्याच्या बाबतीत हयगय नको.

आता लायसन्स. इथे मला माझी फजिती सांगावी लागणार.

मागच्या वर्षी माझ्या डेस्कटॉपवर तुझ्यासारखाच प्रकार झाला. दोन अँटीव्हायरस, मशीन मंद, नव्याचं ॲक्टिव्हेशन होईना. ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही, नंतर प्रयत्न करा.’ ब्राउझरही ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणत होता. मी म्हटलं, हे त्या दोघांच्या भांडणामुळेच. आणि तो तर्क अगदीच खुळा नव्हता. पुष्कळ अँटीव्हायरस वेबसाइटची कुलूपबंद वाहतूक मध्ये उघडून तपासतात, त्यासाठी स्वतःचं प्रमाणपत्र (साइटची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) विंडोजमध्ये बसवतात, आणि तिथे गडबड झाली की ब्राउझर नेमकी हीच तक्रार करतो. म्हणून मी जुना काढला, साफ केला, मशीन पळायला लागलं. ॲक्टिव्हेशन मात्र तिथेच अडलेलं. की पाच वेळा टाइप केली, सहाव्यांदा बायकोकडून वाचून घेतली. मग ठरवलं की कीच खोटी आहे, आणि विकणाऱ्याला असा मेल लिहिला की आज वाचताना कान गरम होतात.

उलट टपाली एका ओळीचं उत्तर आलं, ‘कृपया आपल्या कॉम्प्युटरवरची तारीख कळवावी.’

कोपऱ्यात पाहिलं, तर महिना जानेवारी आणि साल कैक वर्षांपूर्वीचं. इतके दिवस माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. सर्व्हरशी बोलताना कॉम्प्युटर त्याचं प्रमाणपत्र तपासतो, आणि त्यावर ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं. माझ्या मशीनच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मलंच नव्हतं. त्यामुळे की तपासण्यापर्यंत गोष्ट पोचतच नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. दोन्ही दुखण्यांचं लक्षण सारखं, म्हणून पहिल्याच्या आड दुसरं लपून राहिलं.

तारीख का गेली? मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर २०३२, तीन व्होल्टची. मशीन बंद असताना घड्याळ तिच्यावर चालतं. काही वर्षांनी ती संपते, आणि मेन स्विच बंद केला की घड्याळ मागे जातं. विंडोज इंटरनेटवरून वेळ दुरुस्त करतं खरं, पण घरच्या मशीनवर मूळ सेटिंगप्रमाणे फरक १५ तासांहून जास्त असला तर ती सेवा हात आखडता घेते. मी तारीख हाताने टाकली आणि ॲक्टिव्हेशन पहिल्या फटक्यात झालं. बॅटरी दुसऱ्या दिवशी बदलली. विकणाऱ्याला माफीचा मेलही लिहिला, त्याला काही उत्तर आलं नाही. येणारही नव्हतं.

तुझी तारीख बरोबर निघाली, तर बाकीची कारणं साधी आहेत. शून्य आणि ओ, आठ आणि बी, एक आणि आय यांची अदलाबदल. ऑर्डर नंबरलाच की समजणं (हसू नकोस, हे होतं). एका आवृत्तीची की दुसऱ्या आवृत्तीत घालणं. काही की ठरावीक प्रदेशातच चालतात, तेव्हा व्हीपीएन (तू दुसऱ्याच देशात आहेस असं भासवू शकणारं सॉफ्टवेअर) चालू असेल तर बंद कर. आणि लायसन्स अमुक इतक्याच मशीनसाठी असतं. कॉम्प्युटर फॉरमॅट केला की कंपनीच्या खात्यात जुनी नोंद राहते आणि तुझंच मशीन दुसरं म्हणून मोजलं जातं. खात्यात लॉगिन करून जुनं नाव काढलं की जागा मोकळी होते. फॉरमॅटची घाई करू नकोस म्हटलं, त्याचं एक कारण हेच. तिथेच आहेस तर ऑटो-रिन्यूअलही बघून घे. जुन्याचं चालू राहिलं तर काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचे पैसे खात्यातून जात राहतील.

चौथ्या फोटोतली ती लाल खिडकी, ‘तुमच्या कॉम्प्युटरवर पाच व्हायरस, ताबडतोब रिन्यू करा’, ती दोन्हींपैकी कोणाचीच नाही. ते ब्राउझरचं नोटिफिकेशन आहे. कुठल्या तरी साइटला तू कधीतरी ‘अलाउ’ म्हणालास, त्याचं फळ. ब्राउझरच्या नोटिफिकेशन सेटिंगमधून ती साइट काढ, खिडकी गेलीच समज. तिच्यावरच्या नंबरला फोन करू नकोस, आणि पलीकडच्या कोणाला स्क्रीन तर मुळीच देऊ नकोस. फुकटच्या क्रॅककडेही, म्हणजे लायसन्स चुकवून चालवायच्या चोरट्या प्रोग्रामकडेही, वळू नकोस. तो चालवताना पहिली अट असते ती अँटीव्हायरस बंद करण्याची. ती का असते, ते तूच ओळख.

सगळं बसल्यावर खरंच काम करतंय का ते बघायला आयकार या संस्थेची चाचणी-फाइल आहे. ६८ अक्षरांची साधी मजकुराची ओळ, अपाय शून्य. पण जवळपास सगळे अँटीव्हायरस तिला ठरवून व्हायरस मानतात. ती उतरवताना अँटीव्हायरस ओरडला म्हणजे तो जागा आहे.

माझं विचारशील, तर मी लायसन्स संपल्यावर नवं घेतलंच नाही. डिफेंडर, वेळच्या वेळी अपडेट आणि वेगळ्या डिस्कवर बॅकअप, एवढ्यावर माझं भागतं. तुला पैसे भरून घेतलेलं वापरायचं असेल तर खुशाल वापर, फक्त एकच वापर.

आता एवढं कर. तुझे चारही फोटो मी परत परत पाहिले, पण तू ते असे काढलेत की नेमका तारखेचा कोपरा कापला गेलाय. तेवढा एक नवा काढून पाठव. आणि या वेळी कीवर बोट ठेवून काढ. पहिल्या फोटोत ती अख्खी दिसतेय, आणि तो तू आपल्या सगळ्या ग्रुपवर टाकला आहेस.

तुझा,
तोच, कान गरम झालेला