आधी नोंद, मग फलक

महोदय,

थोर व्यक्तीच्या वास्तव्यामुळे किंवा एखाद्या घटनेमुळे महत्त्व लाभलेल्या जुन्या इमारतीवर स्मृतिफलक बसवला की तिच्या जतनाचे काम मार्गी लागले, असा समज सामान्य नागरिकांप्रमाणेच निर्णय घेणाऱ्यांमध्येही आढळतो. फलकाचे अनावरण थाटात होते, छायाचित्रे छापून येतात. पण त्या इमारतीची मोजमापे, आराखडे आणि कागदपत्रे एकत्र असलेली साधी फाइलही बहुधा कोणाकडे नसते. हा क्रम बदलावा, म्हणजेच इमारतीचे दस्तऐवजीकरण पूर्ण होऊन ते सार्वजनिक अभिलेखागारात दाखल झाल्यावरच फलकाला मंजुरी द्यावी, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

फलक इमारतीचे रक्षण करत नाही, याचा दाखला फलकांच्या इतिहासात अगदी आरंभीच सापडतो. लंडनमध्ये १८६६ साली सोसायटी ऑफ आर्ट्सने अशी योजना सुरू केली आणि पुढच्याच वर्षी कवी लॉर्ड बायरन यांच्या जन्मस्थानी पहिला फलक लागला. ते घर १८८९ मध्ये पाडण्यात आले आणि फलकही त्याबरोबर गेला. आज ही योजना चालवणारी इंग्लिश हेरिटेज ही संस्था व्यक्तीच्या निधनानंतर वीस वर्षे उलटल्याशिवाय प्रस्ताव विचारात घेत नाही आणि संबंधित इमारत मूळ स्वरूपात ओळखू येईल इतपत शिल्लक असावी, अशी अटही घालते. तरीही तिच्या फलकामुळे इमारतीला कायद्याचे संरक्षण मिळत नाही.

याउलट कागदावरच्या नोंदी काय करू शकतात, हे पोलंडची राजधानी वॉर्सा या शहराने दाखवले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्याविरुद्ध झालेल्या १९४४ च्या उठावानंतर त्या शहराच्या ऐतिहासिक भागाचा पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक हिस्सा जमीनदोस्त झाला. तो पुन्हा उभारताना तेथील तंत्रविद्यापीठातील वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी युद्धापूर्वी मोजमापे घेऊन काढलेले आणि युद्धकाळात जपून लपवून ठेवलेले आराखडे उपयोगी पडले. अठराव्या शतकातील चित्रकार बेलोत्तो याची नगरदृश्येही हाताशी होती, परंतु चित्रकाराचा हात सौंदर्यासाठी वास्तवात थोडाफार बदल करतो, त्यामुळे चित्राला मोजपट्टीची सर येत नाही. हा पुनर्निर्मित भाग १९८० साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचे छत २०१९ च्या आगीत भस्मसात झाले, तेव्हाही आगीच्या काही वर्षे आधी झालेले लेझर स्कॅनिंग आणि छताच्या लाकडी सांगाड्याचे २०१४ मधील तपशीलवार सर्वेक्षण कामी आले.

दस्तऐवजीकरण म्हणजे मोबाइलवर काढलेली दहा-वीस छायाचित्रे नव्हेत. प्रत्येक मजल्याचा तळनकाशा, दर्शनी भागाचा आराखडा आणि उभा छेद (इमारत उभी कापली तर आतून कशी दिसेल ते दाखवणारा आराखडा) हे तिन्ही ठरावीक मापप्रमाणात काढलेले असले पाहिजेत. जुन्या खोल्या क्वचितच काटकोनात असतात; म्हणून लांबी-रुंदीबरोबर कर्ण मोजले नाहीत, तर नकाशा दिसायला नीटनेटका, पण चुकीचा निघतो. भिंतीत वरपासून खालपर्यंत सलग उभा सांधा दिसला, तर तेथे बहुधा दोन काळांतील बांधकामे एकमेकांना भिडलेली असतात आणि गिलावा पुन्हा करण्यापूर्वी त्याची नोंद झाली नाही, तर हा पुरावा पुढच्या कित्येक पिढ्यांच्या दृष्टीआड जातो. छायाचित्रात मापाची पट्टी असावी आणि ते कोठून घेतले ती जागा नकाशावर दाखवावी. चुना, लाकूड, दगड यांचे प्रकार आणि सांध्यांच्या पद्धतीही लिहाव्यात, कारण डागडुजी करणाऱ्या कारागिराला त्याच माहितीची सर्वाधिक गरज असते.

इतिहासाची बाजू याहून नाजूक आहे. ‘अमुक व्यक्ती याच घरात राहत असे’ ही माहिती पुष्कळदा ऐकीव असते; दरम्यान घरक्रमांक बदललेले असतात, रस्त्यांची नावे बदललेली असतात आणि फलक शेजारच्याच घरावर लागतो. खरेदीखते, कर-आकारणीची नोंदवही, मतदारयादी, जुने नकाशे यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय एकही ओळ कोरली जाऊ नये. वृद्ध रहिवाशांच्या आठवणी अवश्य नोंदवाव्यात, मात्र सिद्ध झालेले, संभाव्य आणि केवळ ऐकीव असे तीन प्रकार वेगळे ठेवावेत. धातूवर कोरलेली चूक दुरुस्त करायला सहसा कोणी धजावत नाही, हे आपण सारेच जाणतो.

खर्चाची सबब पुढे येईल, हे उघड आहे. अमेरिकेने हे काम हाती घेतले ते ऐन महामंदीत: १९३३ साली चार्ल्स पीटरसन यांच्या प्रस्तावावरून बेकार वास्तुविशारदांना आणि आरेखकांना ऐतिहासिक इमारतींच्या मोजणीवर नेमण्यात आले आणि त्या सर्वेक्षणाचे आराखडे आजही लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सर्वांना विनामूल्य पाहता येतात. त्या आराखड्यांसाठी वापरलेली सामग्री पाचशे वर्षे टिकावी, असा तेथील दंडक आहे. केवळ संगणकीय फाइलींवर विसंबणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यावा. वीस वर्षांपूर्वीच्या सॉफ्टवेअरमधील फाइल आज उघडताना काय त्रास होतो, हे कोणत्याही कार्यालयात विचारून पाहता येईल. टिकाऊ कागदावरील एक प्रत असलीच पाहिजे.

तेव्हा फलकाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत मोजणीचे आराखडे, छायाचित्रे आणि पुराव्यांची यादी जोडणे बंधनकारक करावे, तसेच फलकाच्या तळाशी तो लावल्याचे वर्ष आणि अभिलेखागारातील नोंदीचा क्रमांक लिहावा, अशी विनंती आहे. इमारत खासगी वापरात असेल, तर आतील नकाशे मालकाच्या संमतीखेरीज खुले करू नयेत. ज्या इमारतींवर आधीच फलक आहेत, त्यांची मोजणी मागाहून करून घ्यावी आणि त्यातही दुरुस्ती किंवा पाडकामाचे अर्ज आलेल्या इमारतींना अग्रक्रम द्यावा.

आपला नम्र,
एक वाचक