साखर पेठेतल्या अण्णांना

अण्णा, नमस्कार.

तोंडावर आभार मानले असते तर "चहा घे गं, उगं काय" म्हणून तुम्ही विषय तोडला असता. म्हणून लिहितेय, तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

मोहोळ तालुक्यातल्या ८६ विहिरींची पाणीपातळी मी दोन वर्षं मोजली. मेमध्ये एकदा, पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात एकदा. उन्हातान्हाचं रडगाणं गात नाही, भूगोलात पीएचडी करणाऱ्या सगळ्यांच्याच वाट्याला ते येतं. माझं दुखणं वेगळं होतं. माझ्याआधी याच भागात कुणीतरी असंच काम केलं होतं. प्रबंध मिळाला, त्यातला रंगीत नकाशा मिळाला, पण आकडे होते शेवटच्या पानाला चिकटवलेल्या सीडीत, आणि सीडीला चीर गेलेली. कुणाचे तरी दोन उन्हाळे असे वाया गेलेले बघून मी ठरवलं, आपला डेटा इंटरनेटवर ठेवायचा, कुणालाही मिळेल असा. कसा, ते माहीत नव्हतं. कुणीतरी तुमच्याकडे धाडलं.

खाली माग खटाखटा चाललेले, वर तुमचं टेबल थरथरतंय. तुम्ही माझी फाइल क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलीत. मोहोळ कोरं! नकाशा लहान लहान करत गेलात, तेव्हा माझ्या सगळ्या विहिरी स्पिट्सबर्गेन बेटाच्या दक्षिणेला, आर्क्टिकच्या समुद्रात सापडल्या. अक्षांशाच्या रकान्यात ७५.६ आणि रेखांशाच्या रकान्यात १७.८, असं उलटं भरून बसले होते मी. "पाणी भरपूर लागलंय की गं," एवढंच म्हणालात.

मग शेपफाइल, म्हणजे नकाशाचा डेटा ज्यात मी साठवला होता तो फाइलचा प्रकार. 'पाणीपातळी' या रकान्याचं नुसतं 'पाण' उरलं होतं. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि देवनागरीत प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-वेलांटी तीन-तीन बाइट खाते, हे तुम्ही सांगेपर्यंत मी माझ्या टायपिंगला दोष देत होते. मैत्रिणीला मी नुसती एसएचपी फाइल मेल केली होती, सोबतच्या एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे मागेच ठेवून. वर तिला उघडता येत नाही म्हणून तिच्यावर चिडलेही होते. तुम्ही सगळं जिओपॅकेज या दुसऱ्या प्रकारच्या फाइलीत घातलंत. फाइल एकच, मराठी नावं शाबूत.

पण हे कुठल्याही चांगल्या क्लासमध्ये शिकायला मिळालं असतं. पत्र लिहितेय ते तुमच्या पुतणीमुळे. बी.कॉम.ची पोरगी, नकाशाशी संबंध नाही. तुम्ही तिला माझ्या जागेवर बसवलंत आणि मला म्हणालात, "ती विचारेल. तू तोंडानं सांगायचं नाही. उत्तर फाइलीत लिहायचं."

तिचा पहिलाच प्रश्न: पातळी जमिनीपासून मोजली की कठड्यापासून? मी गप्प. काही विहिरींना कठडा होता, काहींना नव्हता, मी टेप हाताला येईल तिथून सोडला होता. त्या एका प्रश्नापायी परत जाऊन ४१ कठडे मोजून आले. दुसरा: २५ आणि ८, यातले फूट कुठले, मीटर कुठले? तिसरा मला अजून आठवतो. "शून्य म्हणजे विहीर कोरडी का?" माझ्या हिशेबात शून्य म्हणजे पाणी जमिनीला टेकलेलं, विहीर काठोकाठ. आणि रिकामी चौकट कुठे कोरड्या विहिरीची, तर कुठे मालक घरी नव्हता म्हणून न मोजलेली. दुष्काळी तालुक्याच्या डेटात कोरडी आणि भरलेली यांची अदलाबदल होणार होती, अण्णा.

असे १९ प्रश्न. त्यांची १९ उत्तरं हेच आज डेटासोबतचं माहितीपत्र आहे.

शेतकऱ्यांची नावं आणि गट नंबर तुम्ही काढायला लावलेत. पाणी कुणाच्या विहिरीत आहे ते उन्हाळ्यात टँकरवाल्याला आयतं कळायला नको, हे पटलं. अक्षांश-रेखांश दोन दशांशांवर आणले, म्हणजे जागा किलोमीटरभर मोघम झाली, ते मात्र अजून पुरतं पटलेलं नाही. आमच्याकडे किलोमीटरभरात काळ्या रानाचा माळ होतो. असो. अचूक प्रत माझ्याकडे आहे, मागणाऱ्याला कारण विचारून देते.

बाकीचं झटपट झालं. जिनिव्हाजवळची सर्न ही संस्था २०१३ पासून झेनोडो हे संशोधनाचा डेटा ठेवायचं संकेतस्थळ चालवते, तिथे फुकटात डेटा चढवला, डीओआय म्हणजे डेटाचा कायमचा ओळख क्रमांक मिळाला. श्रेय देऊन कुणीही वापरावा, असा परवाना ठेवला.

गेल्या महिन्यात लातूरकडच्या एका विद्यार्थ्याची मेल आली. डेटा उतरवून घेतला, वापरला, मला एका शब्दानं विचारावं लागलं नाही. कळवलं ते एवढंच, की ३७ नंबरच्या विहिरीत पाणी तिच्या तळाच्याही खाली दाखवलंय. वही काढून बघितली. ६.१ चं १६.१ झालं होतं. दुरुस्त करून दुसरी आवृत्ती चढवली. पहिलीला हात लावला नाही, तिचा डीओआय तिच्याजवळ.

मेमध्ये पुन्हा मोजणीला निघतेय. पुतणीला विचारा, येते का. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतं, आणि तिला कठडेही बघायचे असतील.

तुमची,
विहिरीवाली